उजवीकडचा तुकडा

तुकडा बाबुरावांनी स्वतःच्या हातांनी दिला. कोणी चोरला नाही, कोणी फसवलं नाही, बायकोने झाडताना फेकला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर चाळीत या गोष्टीच्या चार आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीत गुन्हेगार निराळा होता. बाबुरावांनी मात्र एकदाही दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही.

बाबुराव घाडी, वय बासष्ट, मूळचे कणकवलीकडचे, राहणार लालबाग. वडील गिरणीत फिटर. बाबुरावही दोन वर्षं तिथल्याच मशीनशॉपमध्ये कानस घासायला शिकले आणि मग गिरणी सुटली. गिरण्यांचं पुराण इथे लावत बसायचं कारण नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. हातातली कानस गेली, स्टिअरिंग आलं आणि ते चाळीस वर्षं सुटलं नाही. आधी लोकांच्या टेम्पोंवर, गेली सोळा वर्षं स्वतःच्या पिकअपवर. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि लालबाग, परळ, दादरच्या बाजारांत कोळणींना पोचवायची, हा धंदा. मासळी कधी उशिरा पोचली नाही, की एक पाटी कमी भरली नाही.

काही टाकून देणं हा प्रकार या माणसाला ठाऊकच नाही. फुटलेल्या ट्यूबच्या पट्ट्या, लग्नपत्रिकांची पाकिटं, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, सगळं जपून. नट-बोल्ट तर मापाप्रमाणे बिस्किटांच्या डब्यांत लावलेले. लक्ष्मीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे सुतळी टाकूची झाली तरी पंचायत बसता."

मासळीबरोबर बर्फ येतो आणि बर्फाबरोबर खारं पाणी. बाबुराव गाडी लावायचे ती चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या उतारावर, तोंड खाली करून. सोळा वर्षं ते पाणी फळ्यांतून चासीवर गळलं आणि उताराने पुढेपुढे वाहत राहिलं. वरून रंगरंगोटी दर दसऱ्याला, खाली मात्र वाकून कोणी बघितलं नाही. गेल्या माघात एके सकाळी गाडी भरलेली असताना खालून कडकन आवाज झाला, आणि केबिन एकीकडे, मागचा हौदा दुसरीकडे. चासी कुजून मोडली होती.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला: भंगारात घाला. मुलगा सुशांत एका टॉवरच्या पार्किंगची व्यवस्था बघतो. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे जागा आहे. खुर्ची, पंखा, युनिफॉर्म. आता बस झालं ना."

"काम काय?"

"व्हिजिटरच्या गाड्या लावून घ्यायच्या."

"म्हणजे दुसऱ्याच्या गाडीमागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं."

"त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. पण मला आत बसायचंय रे."

आत म्हणजे स्टिअरिंगमागे. त्यांचं जगाकडे मागणं एवढंच होतं. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि त्या वयाला कर्ज कोणी देणार नव्हतं. तेव्हा हीच गाडी उभी करायची, नाहीतर खुर्ची, पंखा, युनिफॉर्म.

पुलाजवळच्या गल्लीत राजरत्नचं वेल्डिंगचं दुकान आहे. पंचेचाळिशीचा माणूस, तोंडाने फटकळ, हात सोनाराचा. तो गाडीखाली शिरला, हातोडीने ठोकत ठोकत मागून पुढे आला आणि कपाळावर गंजाचा टिळा घेऊन बाहेर निघाला.

"काका, ही गाडी नाही, चाळण आहे."

"मग ठिगळ लाव."

"ठिगळ लावायला आधी कापड लागतं. इथे नुसती भोकं आहेत."

मग सुरू झालं ते आठ महिने चाललं. कुर्ल्याला गाड्या कापून सुटे भाग विकतात, तिथे दोघांच्या खेपा सुरू झाल्या. गोवा हायवेवर उलटलेली एक पिकअप मिळाली. केबिनचा चेपून पापड झालेला, पण चासी कोरी करकरीत. तिची नोंदणी मालकाने रद्द करून टाकली होती, कागदोपत्री ती मेलेलीच होती. तिची चासी घेतली. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, कमानपाटे तिसरीचे. एक दरवाजा दुधाच्या गाडीचा, त्यावर अर्धी म्हैस रंगवलेली होती. तो बसवला त्या दिवशी राजरत्न म्हणाला, "काका, उरलेली म्हैस शोधायला आता भिवंडीला जाऊ का?" आणि बाबुराव कधी नव्हे ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

इंजिन मात्र स्वतःचंच. ते त्यांनी स्वतः उतरवलं, धुतलं, चढवलं. भाद्रपदात ते पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले होते.

आता तुकड्याचं. प्रत्येक गाडीच्या चासीवर कंपनीने ठोकलेला नंबर असतो, ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ. आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. रंग बदला, इंजिन बदला, म्हशीचा दरवाजा लावा. तो नंबर आहे तोवर गाडी तीच, आणि तो नाही तर गाडीच नाही. बाबुरावांच्या जुन्या चासीवर तो जेमतेम वाचता येत होता. कापायच्या आधी दोघं आरटीओत जाऊन आले. तिथल्या इन्स्पेक्टर अपूर्वा मॅडम, वयाने बाबुरावांच्या मुलीसारख्या, पण बोलणं मोजूनमापून. त्यांनी अर्ज घेतला आणि सांगितलं, "जुन्या चासीवरचा नंबरचा तुकडा अख्खा कापून ठेवा. पासिंगला गाडी आणि तुकडा दोन्ही आणा. तुकडा खरा दिसला की नव्या चासीवर तुमचा नंबर ठोकायची परवानगी मी देईन. नव्या चासीवर आत्ता जो नंबर आहे त्याला तोपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि तुकडा नसला तर?" राजरत्नने आपलं उगाच विचारलं.

"तर मी एक रद्द झालेली गाडी रस्त्यावर बघतेय, असा अर्थ होईल."

राजरत्नने पुढचे दोन तुकडे कापले, वीतभर लांबीचे. उजवा नंबराचा. डावा नुसता मापासाठी. ग्रीस फासून दोन्ही गोणपाटात गुंडाळले, आणि बाबुरावांनी उजव्याच्या गोणपाटावर खडूने मोठी फुली मारून दोन्ही दुकानाच्या फळीवर ठेवले. पासिंगची तारीख मिळाली दसऱ्यानंतरचा मंगळवार.

खंडेनवमीला बाबुरावांचं एक शास्त्र असतं. त्यांच्या वडिलांनी मशीनशॉपमध्ये पाळलेलं: हत्यारांची पूजा मांडायची त्या जागी मोडकं लोखंड असू नये. मोडक्या लोखंडाला हळदकुंकू लागलं की ते काम मोडतं. दुकान राजरत्नचं, पूजा बाबुरावांची, हेही ठरलेलं. राजरत्न त्या दिवसांत दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. जाताना चावी बाबुरावांकडे देतो आणि तेच ते बोलतो, "माझ्या मशीनला कधी कुंकू लागलं नाही, तरी टाका पक्का बसतो बघा." त्यावर बाबुराव तेच ते उत्तर देतात, "माझं कुंकू गुपचूप लागतं म्हणून बसतो."

आदल्या दिवशी त्यांनी दुकान वरपासून खालपर्यंत धुतलं. नवमीला आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले. सगळं मोडकं लोखंड दारात काढून ठेवलं होतं. भंगारवाला हातगाडी घेऊन उभा राहिला. तेवढ्यात फळीवरच्या दोन पुडक्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. मापाचं काम संपलं होतं, म्हणजे डावा तुकडा आता मोडकं लोखंडच. धुण्याच्या पाण्याने खडूची फुली पुसून गेली होती. गोणपाट सोडून बघायला हवं होतं. पण आत ग्रीस, आणि हे आंघोळ करून पूजेला निघालेले. काळे हात घेऊन पूजेला कसं बसणार? त्यांनी पुडकी वरूनच चाचपली, वळण कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, आणि एक उचलून हातगाडीवर ठेवलं.

चाळीस वर्षं ज्याने चिमूटभर वायसर जपला, त्याने आठ महिन्यांचं सगळं काम हात-कपडे काळे होतील म्हणून देऊन टाकलं. आणि गाडीवरून उतरलेल्या लोखंडाला डावं-उजवं असतं कुठे? उलटं धरलं की डावा उजवा होतो. हे फिटरच्या मुलाला कोणी शिकवायची गरज होती का? नव्हती.

दसऱ्याला पिकअपला झेंडूचं तोरण लागलं, लक्ष्मीबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली. शनिवारी सकाळी राजरत्न परतला. पासिंगचे कागद लावताना त्याने फळीवरचं पुडकं सोडलं. चिंधीने ग्रीस पुसलं, उलटसुलट करून पाहिलं.

"काका, दुसरा कुठाय?"

"दुसरा गेला भंगारात. नवमीला दिला."

राजरत्नने तुकडा त्यांच्या हातात ठेवला. बाबुरावांनी अंगठ्याने लोखंड चाचपलं, पुन्हा चाचपलं, मग चष्मा पुसला. लोखंड गुळगुळीत होतं.

"हा डावा आहे," राजरत्न म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

भंगारवाला दुपारी काळाचौकीला सापडला. "वो तो दारूखाना गया, चाचा. उसी शाम को." नवमीच्या संध्याकाळीच. दारूखाना म्हणजे बंदराकडचा भंगारबाजार, आणि तिथलं गोदाम म्हणजे लोखंडाचा डोंगर. रविवारी मुनीम नव्हता, पण पहारेकऱ्याने दोघांना आत सोडलं. बाबुरावांनी घरून रॉकेलची बाटली आणि जुने कपडे आणले होते. वीतभर लांबीचा जो म्हणून तुकडा दिसेल तो उचलायचा, पुसायचा, उन्हाकडे धरायचा, टाकायचा. बोटं कापली, त्यावर तशीच चिंधी बांधली. राजरत्न दर तासाला म्हणायचा, "काका, बसा थोडे," आणि ते म्हणायचे, "तू बस." संध्याकाळी लक्ष्मीबाईंचा फोन आला.

"जेवक येतास मा?"

"नाय."

"गावलो?"

"नाय गो."

"आयुष्यभर काय म्हणून टाकल्यात नाय, आणि टाकल्यात तो नेमको तोच! देवान तुमका बुद्धी तरी कशी दिल्यान?" आणि लगेच आवाज बदलून, "दोन घास खावन परत जावा. कोण अडवता तुमका?"

ते गेले नाहीत.

सोमवारी मुनीम आला. वही बघायचीही त्याला गरज पडली नाही. "नवमीचा माल ना? शुक्रवारी ट्रक भरला. जालन्याला गेला, भट्टीत." राजरत्नने विचारलं, फोन करता येईल का? मुनीम हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "बारा टन मालात एक तुकडा? आणि आत्तापर्यंत त्याची सळी झाली असेल हो."

बाबुराव दुकानात येऊन पिकअपच्या पायरीवर बसले. उद्या मंगळवार. राजरत्न म्हणाला, "मी डबा खाऊन येतो घरून. तुमच्यासाठीही आणतो. तुम्ही आता काही करू नका काका. उद्या मॅडमना जाऊन सरळ सांगू." आणि गेला.

माणूस असा एकटा बसला की त्याच्या डोक्यात अक्कल येत नाही, येते ती भीती. बाबुरावांना उद्याचा दिवस दिसायला लागला. मॅडम वाकून बघतील. नव्या चासीवर उलटलेल्या गाडीचा नंबर. रद्द झालेली गाडी. त्यांचं इंजिन, त्यांचं केबिन, त्यांनी घासलेला एकेक बोल्ट, आणि नाव मेलेल्या गाडीचं. नंतर खुर्ची, पंखा, युनिफॉर्म.

दुकानात अक्षरांचे पंच होते. हत्यारांवर नाव ठोकायला ते प्रत्येक दुकानात असतात. लोखंडावर अक्षर ठोकायला बाबुराव गिरणीतच शिकले होते, सरळ रेषेत, एका खोलीचं. आरसी बुक खिशात होतं. त्यांनी ग्राइंडर लावला. उलटलेल्या गाडीचा नंबर दोन मिनिटांत गेला, ठिणग्या उडाल्या आणि जागा आरशासारखी झाली. मग पहिला पंच धरला आणि हातोडी मारली. दुसरा. तिसरा. हात जराही हलला नाही.

तीन अक्षरांनंतर ते जवळ वाकले आणि थांबले. कंपनीचा नंबर मशीनने मारलेला असतो, बारीक बारीक टिंबांचा. त्यांची अक्षरं म्हणजे देवळातल्या घंटेवर दात्याचं नाव कोरतात ना, तशी. आंधळ्याने बोट फिरवलं तरी कळलं असतं.

राजरत्न डबा घेऊन आला तेव्हा ते हातोडी मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. त्याने चाकाजवळ बघितलं. डबा खाली ठेवला.

"काय केलंत?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? अहो, आधी दुसऱ्याचा नंबर होता, आता कुणाचाच नाही! मी काय सांगून गेलो होतो? माझ्या दुकानात, माझ्या ग्राइंडरने! उद्या पोलीस आले तर म्हणतील राजरत्न चोरीच्या गाड्यांचे नंबर घासतो. मुलं आहेत मला."

"मी सांगेन मी केलं म्हणून."

"तुम्ही सांगाल आणि ते ऐकतील!" राजरत्नने ग्राइंडरची वायर ओढून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी तो त्यांच्याशेजारी बसला. "खा आधी," म्हणाला. दोघांपैकी कोणी खाल्लं नाही.

मंगळवारी बाबुराव गाडी न घेता, बसने आरटीओत गेले. एकटेच गेले. राजरत्न येतो म्हणाला, पण त्यांनी त्याला शपथ घातली. अपूर्वा मॅडमच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, नवमी, गोणपाट, दारूखाना, ग्राइंडर, तीन अक्षरं. मधलं काही गाळलं नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, काल सकाळीच का नाही आलात?"

"शोधत होतो, मॅडम."

"तुकडा हरवला एवढंच असतं तर मार्ग होता. मी आधी अर्ज घेतला होता, तुमचे जुने पासिंगचे कागद इथे आहेत, उलटलेल्या गाडीचा नंबर नव्या चासीवर शाबूत होता. कंपनीकडून पत्र मागवलं असतं. सहा महिने लागले असते, पण गाडी उभी राहिली असती. आता तिथे ग्राइंडर फिरलाय. आता मी काय लिहू?"

सहा महिने! आठ महिने काढलेल्या माणसाला सहा महिने म्हणजे काय? बाबुरावांनी टेबलाची कड धरली. तुकडा गेला ते दुखणं होतंच, पण रस्ता होता आणि तो आपणच काल दुपारी दोन मिनिटांत घासून टाकला, हे त्यांना आत्ता कळलं. मॅडमनी खुर्ची पुढे केली.

"मॅडम, चालते हो ती. मख्खन चालते. एकदा येऊन इंजिन तरी ऐका."

"मी ती गाडी पाहिली तर मला जप्त करावी लागेल आणि तुमच्यावर गुन्हा. म्हणून सांगतेय, ती इथे आणू नका, रस्त्यावरही काढू नका. आरसी रद्द करायचा अर्ज भरा आणि चासी कापून टाका."

"काहीच नाही का होणार?"

"नाही, काका," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला थांबायला सांगून स्वतः जाऊन अर्जाचा कागद घेऊन आल्या. बाबुरावांनी तो तिथेच भरला. नंबर त्यांना पाठ होता, आरसी उघडावं लागलं नाही.

घरी लक्ष्मीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंड बघितलं. पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि मग न राहवून म्हणाल्याच, "त्या नवमीक मीच म्हटलं होतंय, धुतलेले कपडे घालून जावा म्हणून."

"तुझो काय संबंध?" बाबुराव एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला. "मी दिलंय. माझ्या हातान दिलंय. कळला?"

त्या दिवशी सुशांतचा फोन आला. त्याने काही विचारलं नाही, काही सुचवलंही नाही, नुसता "जेवलात का बाबा?" म्हणाला. बाबुरावच म्हणाले, "ती जागा भरली का रे?"

"नाही."

"सोमवारपासून येतो म्हणून सांग."

"बाबा, घाई नाही..."

"सांग म्हटलं ना."

बुधवारी ते दुकानात गेले. राजरत्नने गॅसची नळकांडी ओढून बाहेर आणली होती, कटर जोडून ठेवला होता. चासी कापायची तर गॅसनेच, दुसरा उपाय नाही. बाबुरावांनी पिकअपभोवती एक फेरी मारली. तोरणाचा झेंडू सुकला होता. तो त्यांनी काढला, चार फुलं गळून पडली ती वेचली.

"गॅस नंतर," ते म्हणाले. "आधी इंजिन उतरवू. मग गिअरबॉक्स, कमानपाटे, दरवाजे. चांगला माल आहे, कुणाला तरी लागेल. कापायची ती नुसती चासी."

"काका, तुम्ही घरी जा. मी करतो. खरंच, जा तुम्ही."

"मी चढवलंय, मीच उतरवणार."

बाबुरावांनी पाना घेतला आणि पुढच्या उजव्या चाकाच्या नटाला लावला. नट हलेना. त्यांनीच आवळला होता, भाद्रपदात, सगळ्या जोरानिशी, हे चाक आता कधी निघू नये अशा बेताने. पान्याला त्यांनी पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. चेहरा लाल झाला, चष्मा नाकावरून घसरला, चिंधी बांधलेल्या बोटांतून पुन्हा रक्त यायला लागलं.

"सरका जरा," राजरत्न म्हणाला आणि त्यांच्याशेजारी पाइपला हात घालून उभा राहिला. "एकदम हं. मी तीन म्हटलं की."